एकावर पूज्य

वासंतीचं नाव रॅलीच्या कागदांवर सगळीकडे होतं. पोलिसांना द्यायच्या अर्जावर होतं, ग्रामपंचायतीच्या पत्रावर होतं, अँब्युलन्सवाल्याच्या डायरीत होतं, आणि कोणाचं हेल्मेट घरी राहिलं तर ज्या बाईच्या नावाने शंख करायचा तिथेही तेच होतं. फक्त एका कागदावर ते अकरा वर्षांत कधी आलं नव्हतं. तो कागद निकालाचा.

रॅली म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. वासंतीचा नवरा उत्तरेश्वर याचं बिबवेवाडीत गॅरेज आहे. तिथे रविवारी चहाला जमणाऱ्या चार टाळक्यांनी काढलेला हा उद्योग. नियम सोपे. गाडी पंधरा वर्षांहून जुनी हवी, पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि ब्रेक दाबल्यावर लागायला हवेत. वाघोलीच्या पुढे दगडखाणीमागे रावसाहेबांचं माळरान पडीक होतं. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी त्यावर फक्की मारायची, वळणावळणावर गॅरेजमधले झिजलेले टायर मांडायचे, की झाला ट्रॅक. एका वेळी एकच गाडी सोडायची. शर्यत शेजारच्याशी नाही, घड्याळाशी. बक्षीस म्हणून एखाद्या मेलेल्या इंजिनातला पिस्टन घासूनपुसून लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून द्यायचा. तो पिस्टन मिळाला की माणसं असा चेहरा करून घरी जायची, की घरचे आधी घाबरायचे.

आता अशा ट्रॅकवर पहिली गाडी सोडण्याआधी कोणीतरी एक फेरी मारून यावं लागतं. कोणाची म्हैस येऊन बसली असेल, एखादा टायर कोणी बागेतल्या झोपाळ्यासाठी उचलून नेला असेल, ते सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं. दगड दिसला तर उतरून बाजूला करायचा आणि परत येऊन सांगायचं, की रस्ता मोकळा आहे. या गाडीला शून्य नंबर. तिला क्रमांक नसतो, पिस्टन तर नसतोच.

पहिल्या वर्षी वासंतीनेही स्पर्धेचा अर्ज भरला होता. सात नंबर मिळाला होता. गाडी चालवणं तिला नवं नव्हतं. बार्शीकडे माहेरी वडिलांचा मॅटाडोर होता आणि सोळाव्या वर्षी ती तो कच्च्या रस्त्याने अशी हाणायची, की मागे बसलेल्या बायका उतरताना देवाचं नाव घ्यायच्या. उत्तरेश्वरने लग्नाला होकार दिला तो तिला मॅटाडोर मागे घेताना बघून, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण आदल्या दिवशी प्रश्न निघाला, की शून्य नंबर कोण घेणार? सगळ्यांनीच अर्ज भरलेले. जो तो आपल्या चपला बघायला लागला. तेव्हा उत्तरेश्वर म्हणाला, "वासंती, यंदा तू घे. तुझं लक्ष बारीक असतं. पुढच्या वर्षी बघू."

त्यात कपट काहीच नव्हतं. पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि दर वेळी इतक्या प्रेमाने, की नाही म्हणणं म्हणजे वाकड्यात शिरणं झालं असतं. चौथ्या वर्षी कोणीतरी कुरकुर केली, की आयोजकाच्या बायकोची गाडी आधी फिरून येते, उद्या ती म्हणेल माझीही वेळ धरा. मग नियमावलीत एक नियम वाढला. "शून्य नंबरची गाडी स्पर्धेत धरली जाणार नाही." अक्षर सुरेख म्हणून नियमावली वासंतीकडेच होती. तो नियम तिनेच लिहिला आणि खाली पट्टीने रेघ मारली.

वेळ घ्यायला तात्याराव होते. सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. शाळेच्या क्रीडादिनाची किल्लीची दोन घड्याळं त्यांच्याकडे होती आणि जगात त्या दोन घड्याळांखेरीज त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. शून्याला ते जुन्या पद्धतीने पूज्य म्हणत. वासंतीची गाडी सुटली की "पूज्य निघाली" असं ओरडत आणि तिच्या फेरीवर दोन्ही घड्याळं जुळतात का ते बघून घेत. वहीतही आकडा न लिहिता अक्षरात 'पूज्य' लिहीत. आकड्यातल्या शून्याला कोणीही शेपूट काढून नऊ करतो, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

वासंतीला काय हवं होतं? पिस्टन नको होता. घरात सहा होते आणि ते पुसायला तिलाच लागायचे. तिला आपलं नाव, आणि नावापुढे मिनिटं आणि सेकंद, एवढंच एकदा मोठ्याने वाचलेलं ऐकायचं होतं. भाजी निवडताना, गंगाधाम चौकातल्या सिग्नलला ताटकळताना ती ते मनातल्या मनात वाचायची. वेळ दर वर्षी थोडी कमी व्हायची. मनातल्या वाचनात ती पहिली यायची, हे वेगळं सांगायला नको.

यंदा फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी ती माळावर पोचली, तेव्हा नऊच गाड्या उभ्या होत्या. एके काळी तीस असायच्या. रावसाहेब टोपी सारखी करत तिच्याजवळ आले.

"वहिनी, औंदा शेवटचं बरं का. पाडव्याला भूमिपूजन हाय. बावीस मजली चार बिल्डिंगा येत्यात हितं."

"चार?" वासंती म्हणाली.

"चार. आन् पोहायचा तलाव. हितं प्यायला टँकर लागतोय, आन् पोहायला तलाव!" रावसाहेब हसले, पण त्यांनाही ते फार हसण्यासारखं वाटलं नसावं. जमीन भावांची होती आणि भाऊ चौघे होते.

वासंतीने उत्तरेश्वरकडे पाहिलं. तो आपल्या जुन्या एस्टीमच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला होता. त्याला हे कधीच कळलेलं असणार, आणि सांगायचं राहून गेलं असणार. पुढच्या वर्षी बघू. आता कुठलं पुढचं वर्ष?

ती आपल्या पांढऱ्या मारुती एट हंड्रेडमध्ये जाऊन बसली. दारावर लाल टेपने केलेलं शून्य होतं. हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिच्या मनात आलं, की शून्य नंबरने जोरात जाऊ नये असं नियमात कुठे लिहिलंय? नियम तिनेच लिहिले होते, त्यामुळे तिला नक्की माहीत होतं, की कुठेही लिहिलेलं नाही. आणि शनिवारी दुपारी तर सगळा ट्रॅक मांडून, पायी फिरून झाला होता. चोपन्नाव्या वर्षी आपण चोरी करायला निघालो आहोत असं तिला वाटलं, आणि ते वाटणं अजिबात वाईट नव्हतं.

"पूज्य निघाली," तात्याराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांचा घसा आठवडाभर बसलेला होता.

गाडी सुटली ती सुटलीच. पहिलं वळण बाभळीचं. दर वर्षी ती इथे खिडकीतून डोकं काढून टायर मोजायची. आज तिने दुसऱ्या गिअरात गाडी आत घातली, मागची चाकं मुरुमावर घसरली, तिने स्टिअरिंग सोडलं, पकडलं, आणि गाडी सरळ होऊन विहिरीच्या कठड्याकडे धावली. हात विसरले नव्हते. मॅटाडोर चालवणारी ती पोरगी इतकी वर्षं कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे, पण ती होती. विहिरीचं वळण गेलं, खाणीचा उतार आला. वासंती हेल्मेटच्या आत एकटीच हसत होती. हसता हसता तिला रडूही येत होतं, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

उताराच्या शेवटी डावं वळण होतं. ते पार करताच गवतात काहीतरी लाल दिसलं. लोखंडी खुंटी. वीतभर वर आलेली, डोक्याला ताजा लाल रंग. बिल्डरचे मोजणीवाले शनिवारी संध्याकाळी येऊन ठोकून गेले होते, हे तिला नंतर कळलं. वळणातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचं उजवं चाक बरोबर तिथेच येणार होतं. वासंतीने गाडी जराशी डावीकडे घेतली आणि खुंटी बाजूने निघून गेली. समोर शेवटचा सरळ पट्टा होता. ताडपत्रीखालचे तात्याराव दिसत होते. आता फक्त पाय दाबून ठेवायचा होता. पोचल्यावर सांगता आलंच असतं, की खुंटी आहे म्हणून. पहिली गाडी थोडीच लगेच सुटणार होती?

पण पाय ब्रेकवर गेला. तिने नेला नाही, अकरा वर्षांच्या सवयीने नेला. गाडी थांबली. वासंती उतरली, डिकीतून चाक खोलायची टॉमी काढली आणि खुंटी हलवायला लागली. मोजणीवाल्यांनी काम चोख केलं होतं. खुंटी हलायला मागेना. तिने लाथा घातल्या, शिव्या घातल्या, शेवटी दोन्ही हातांनी उपटून काढली. मग खड्डा पायाने बुजवला, खुंटी मागच्या सीटवर टाकली आणि गाडी हळूहळू चालवत आणली. घाई करण्यात आता अर्थ नव्हता.

"चार मिनिटं त्रेपन्न," तात्यारावांनी दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी धरली. "घड्याळं जुळतात. रस्ता?"

"मोकळा आहे," वासंती म्हणाली.

दर वर्षी तिला साधारण पाच मिनिटं लागायची. कोणाला काहीच वेगळं वाटलं नाही. फक्त रावसाहेब खुंटी हातात घेऊन हळहळले, "आवं, मोजणीची खुंटी उपटली व्हय! आता मला ती परत जाग्यावर ठोकाय लागंल, न्हाईतर भाऊ माझ्या नावानं बोंबलत्याल."

"संपल्यावर ठोका," ती म्हणाली, आणि पहिल्या गाडीला झेंडा दाखवायला गेली.

दुपारी एकपर्यंत सगळ्यांच्या दोन दोन फेऱ्या झाल्या. हिंजवडीच्या राकेशने दोन मिनिटं अडतीस सेकंदांत ट्रॅक मारला आणि तो मोबाइलवर सगळ्यांना व्हिडिओ दाखवत सुटला. उत्तरेश्वर तीन सेकंदांनी मागे पडला. संतोषची गाडी दोन्ही फेऱ्यांत विहिरीपाशी बंद पडली आणि धक्का मारून सुरू करावी लागली, पण ती दर वर्षीच तिथे बंद पडते.

एरवी निकाल तात्याराव वाचायचे. यंदा घशामुळे ते काम राकेशच्या ऑफिसातल्या चैतालीकडे आलं. ती पहिल्यांदाच आली होती. हौशी मुलगी. तिने तात्यारावांच्या वहीवरून सगळ्या वेळा लॅपटॉपमध्ये भरल्या, यादी लावली, सोबत आणलेल्या छोट्या प्रिंटरवर छापली आणि माइक हातात घेतला.

"हॅलो, चेक, चेक. तर फ्रेंड्स, आपण शेवटून सुरुवात करूया, सस्पेन्स राहील. दहाव्या क्रमांकावर आहेत..." तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि आवाजात आदर आणला. "पूज्य वासंतीबाई! चार मिनिटं, त्रेपन्न सेकंद!"

वडापाव खाणारे हात क्षणभर थांबले. मग टाळ्या पडल्या.

"म्हणजे मी शेवटचा नाही!" संतोष ओरडला, आणि हशा पिकला.

तात्याराव काठी टेकत माइकपाशी पोचले. "अहो बाई, पूज्य म्हणजे शून्य. शून्य नंबरची गाडी ती."

"ओ माय गॉड!" चैतालीने तोंडावर हात ठेवला. "सॉरी काकू! मला वाटलं रिस्पेक्टने लिहिलंय. म्हणजे फोटोखाली वगैरे लिहितात ना, पूज्य अमुक अमुक..."

"फोटोला हार घातल्यावर लिहितात," तात्याराव म्हणाले. "या अजून आहेत."

सगळे पुन्हा हसले. वासंतीही हसली. पण आत कुठेतरी तिला लागलं. अकरा वर्षं जे मनात वाचलं, ते आज खरोखर मोठ्याने वाचलं गेलं होतं, आणि वाचलं ते हे. सगळ्यात शेवटची, चार त्रेपन्न. ती वेळ तिची नव्हतीच. ती त्या खुंटीची होती.

निकालाचा छापील कागद टेबलावर होता. तिने पेन घेतलं आणि नियमाप्रमाणे आपल्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली नाही.

उत्तरेश्वर दुसऱ्या नंबरचा पिस्टन काखेत धरून शेजारी येऊन उभा राहिला.

"खुंटी काढायला किती वेळ लागला गं तुला?"

"दोन मिनिटं तरी लागली असतील. का?"

"नाही, सहज." पण तो मेकॅनिक होता. चार त्रेपन्नमधून दोन मिनिटं वजा करणं त्याला जड नव्हतं. शेवटचा पट्टा ती रमतगमत आली होती, ते तर त्याने स्वतः पाहिलं होतं. त्याने हळूच विचारलं, "जोरात मारलीस?"

"हो."

"मग बोलायचं नाही का कधी?"

"बोलायचं काय त्यात? पहिल्या वर्षी अर्ज भरला होता मी. सात नंबर होता माझा."

उत्तरेश्वरला आठवलं. त्याच्या चेहऱ्यावर ते आठवणं स्पष्ट दिसलं, आणि वासंतीला त्याची दया आली, रागही आला.

"अगं, मग पुढच्या वर्षी नक्की..." तो बोलायला लागला आणि त्याचं ते लाडकं वाक्य तिथेच अडकलं. दोघांनी माळाकडे पाहिलं. बाभळीजवळ बिल्डरच्या पाटीसाठी दोन खांब आधीच उभे होते.

वासंती आपल्या गाडीकडे गेली. स्पर्धा संपल्यावर टायर गोळा करत शेवटची फेरी मारायचं कामही शून्य नंबरचंच असायचं, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. तिने लाल टेपचं रीळ काढलं, हातभर पट्टी दातांनी तोडली आणि दारावर शून्याच्या अलीकडे उभी चिकटवली. वरून तळव्याने दाबली.

तात्यारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "वासंतीबाई, एकावर पूज्य?"

"दहा," ती वर्गात उभी राहिल्यासारखी म्हणाली. "वेळ घ्याल ना, मास्तर? निकालात धरू नका. नुसती घ्या."

"घड्याळाला निकालाशी काय करायचंय," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही किल्ल्या फिरवल्या.

ती दार उघडणार, तेवढ्यात उत्तरेश्वर पुढे आला. "थांब. रस्ता कोणी बघितलाय? सकाळपासून अठरा फेऱ्या झाल्यात त्याच्यावर."

पिस्टन तिच्या हातात देऊन तो एस्टीममध्ये बसला. मग सगळ्यांच्या देखत, अकरा वर्षांत प्रथमच, उत्तरेश्वर त्या ट्रॅकवरून बैलगाडीच्या चालीने गेला. बाभळीपाशी डोकं बाहेर काढून त्याने टायर मोजले. विहिरीपाशी उतरून एक सरकलेला टायर जागेवर लावला. खाणीच्या उतारावर पुन्हा उतरला आणि वाकून दगड वेचायला लागला. लांबून तो अगदी लहान दिसत होता. वासंती पिस्टन छातीशी धरून बघत राहिली. हे काम करताना आपण कशा दिसत असू, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

परत आल्यावर त्याने कपाळाची धूळ पुसली. "मोकळा आहे," तो म्हणाला.

त्या फेरीचं सांगण्यासारखं फार नाही. ती चांगली गेली. बाभूळ गेली, विहीर गेली. उताराखालच्या वळणावर बुजवलेला खड्डा दिसला आणि पाय सवयीने ब्रेककडे निघाला, पण तिने तो परत आणला. शेवटच्या पट्ट्यावर तिने पाय दाबून ठेवला, तात्यारावांची टोपी मोठी मोठी होत गेली, आणि मग सगळं मागे पडलं.

ती उतरली. चैताली माइककडे धावली, पण स्पीकरवाल्याने वायर गुंडाळून टेम्पोत टाकलेली होती. मग तात्याराव उभे राहिले. त्यांचा आवाज फुटत नव्हता, म्हणून सगळे आपणहून गप्प झाले.

"दहा नंबर. वासंतीबाई." ते थांबले, दोन्ही घड्याळं त्यांनी पुन्हा पाहिली. "दोन मिनिटं, बावन्न सेकंद."

उत्तरेश्वरने घाईघाईने कागद ओढून बोट फिरवलं. "सहावी! अगं, सहावी आली असतीस! पुढे पाचच जण!"

टाळ्या झाल्या, संतोषने तर शिट्टी मारली. वासंती मान डोलवत राहिली. सहावी. मनातल्या वाचनात ती कधीच सहावी आली नव्हती. वाईट नव्हतं ते, खोटंही नव्हतं, घड्याळं दोन होती आणि दोन्ही जुळत होती. चोपन्न वर्षांची वासंती सहावी. पण त्या वर्षीची ती सात नंबरची, त्रेचाळीस वर्षांची वासंती कितवी आली असती, ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. तिला ते फार जाणून घ्यायचं होतं. डोळे भरून आले, आणि या वेळी ती हसत नव्हती.

माणसं गाड्यांकडे पांगली. मागून रावसाहेब आले. एका हातात लाल डोक्याची खुंटी होती, दुसऱ्या हातात घण.

"वहिनी, झालं का समदं? ठोकू का आता?"

वासंतीने ट्रॅककडे पाहिलं. शेवटच्या पट्ट्यावर तिच्या गाडीने उडवलेली धूळ अजून हवेत होती.

"एवढी धूळ बसू द्या," ती म्हणाली. "मग ठोका."